खुंटीवरचा फेटा

१९ ऑगस्ट २०२४, नांदुरा

कंपनीनं दिलेल्या छापील वहीत रोज भराचे रकाने आहेत. झोप कशी, भूक कशी, खुंटीभोवती लाली आहे का, रुग्णाचा मूड कसा. रुग्णाच्या बायकोच्या मूडचा रकाना नाही! म्हणून ही दुसरी वही. आमच्या पोरीच्या, समताच्या, कॉलेजातली कोरी उरली होती. हिच्यात मी मनातलं लिहीन अन् कोणाले दाखवणार नाही.

आज सकाळी मशीन म्हणे, "रेणुका, कृपया मला पाणी हवे आहे." कृपया! बावीस वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडून कधी 'कृपया' निघालं नाही. निघालं असतं तं मी डॉक्टर बोलावला असता.

हे म्हणजे गजेंद्र, माहे मालक. इथल्या बाजारात कापसाची हर्रास पुकारत. "एक वार, दोन वार" असा आवाज टाकला की स्टेशनावर उभ्या माणसाले भाव समजे. दोन वर्षांमागं मेंदूच्या बुडाशी रक्ताची गाठ अडकली अन् सगळं अंग बंद पडलं, वाचा गेली. समजते सगळं, पण डोळ्यांबिगर काही हालत नाही. डोळे वर केले म्हणजे हो, मिटले म्हणजे नाही. मागच्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीनं प्रयोगासाठी यायच्या मेंदूत मुगाच्या डाळीएवढी चकती बसवली. तिले केसापरीस बारीक सुया आहेत. तिची तार कवटीतून निघून डोक्याच्या मागच्या बाजूनं एका धातूच्या बोंडापाशी येते. त्याले मी खुंटी म्हणते. खुंटीले वायर जोडली की यायच्या मनातले शब्द पडद्यावर उमटतात अन् मशीन ते बोलून दाखवते. दोन शब्द उमटले की पुढचं वाक्य मशीन आपल्याच अंदाजानं पुरं करते, म्हणून पुण्याचं बोलते. एकेक अक्षर निवडलं तं बोली यायची स्वतःची निघते, पण त्याले लय वेळ लागते अन् हे थकून जातात.

तरी बोलते तं! सव्वा वर्ष मी या घरात एकटीच बोलत होती, भिंतीसंगं बोलल्यासारखं. म्हणून कृपया तं कृपया, पाणी पाजलं.

४ सप्टेंबर

मशीन चुकून राह्यलं. काल "पंखा कमी कर" एवढं सांगाले यायले अख्खी सकाळ लागली. अक्षर एक निवडतात, उमटते दुसरंच. कंपनीले चार वेळा फोन केला तवा आज श्रद्धा मॅडम आल्या. पुण्याच्या इंजिनिअर, मशीनचं सगळं त्याच पाहतात. बाई हुशार आहे, पण हसत नाही.

दुपारभर तपासलं अन् मले कागद वाचून दाखवला. म्हणे यंत्र अपेक्षेप्रमाणे काम करत आहे. 'यजमान ऊतींच्या प्रतिसादामुळे' संदेश क्षीण होत आहेत. मी म्हटलं, ऊती म्हणजे काय ते सांगा. म्हणे शरीराचं मांस, म्हणजे इथं मेंदूच.

"मेंदू त्या सुयांना परकं समजतो, ताई. त्यांच्याभोवती जाळं विणतो. सुया आहेत तिथेच आहेत, पण आता त्यांना नीट ऐकू येत नाही."

"म्हंजे पायात बाभळीचा काटा मोडून राह्यला की कुरूप होते, तसं?"

"जवळपास तसंच."

"मंग कागदात असं काऊन लिहिलं नाही, की काटा आमचा होता म्हणून?"

त्यायनं कागदाची घडी घातली. वा रे वा! सुया कंपनीच्या, बसवल्या कंपनीनं, फोटो काढून छापले कंपनीनं, अन् बिघडलं तं दोष यजमानाचा! पाहुणा घरात घुसून बसला अन् वरून म्हणते की घरच्यायचा स्वभाव चांगला नाही. माह्या मालकाच्या डोक्यात खोट नाही. त्या डोक्यात कोणत्या गाडीचा कापूस किती ओला, हे सगळं बसलेलं होतं.

मंग मॅडम म्हणाल्या की त्यायले यायच्यासंगं एकटं बोलायचं आहे, तसा नियम आहे. बायकोले बाहेर काढाचा कोणता नियम? गेली चहा मांडाले. डोकं इतकं तापलं होतं की चहा उतू गेला. परत आली तं मॅडम चष्मा पुसत होत्या अन् हे खिडकीकडे पाहत होते. मी विचारलं काय बोलणं झालं. मॅडम म्हणे, "ते सांगतील, त्यांना वाटलं तर."

त्या गेल्यावर लय वेळ घेऊन मशीन बोललं, "रंगरावला बोलावणे." मी म्हटलं, आधी हे सांगा ती बाई काय म्हणे? डोळे मिटून घेतले.

११ सप्टेंबर

रंगराव येऊन गेले. ते आमच्या बाजारातल्या अडत्यांचे म्होरके. बोलणं गोड, पण यायचं असं झाल्यापासून पाय आमच्या उंबऱ्याले लागला नव्हता. मी तोंडावर म्हटलं, "भाऊ, रस्ता कसा काय सापडला?" बिचारे ओशाळले. मले बरं वाटलं.

यायनं पडद्यावर एक अन् एक अक्षर काढलं. मी अन् रंगराव डोळे फाडून पाहत बसलो. निघालं ते असं: "दसऱ्याची हर्रास मी पुकारतो."

रंगरावायले घाम फुटला. दसऱ्याले आमच्या बाजारात नव्या कापसाचा मुहूर्त असते. पहिल्या गाडीची पूजा होते, गाडीवाल्याले टोपी-उपरणं अन् पुकारणाऱ्याले फेटा. उघड्या डोक्यानं मुहूर्ताची बोली निघाली तं बाजाराचं वर्ष वाकडं जाते, असं सारे मानतात. ते काम चौदा वर्षं यायच्याकडेच होतं.

"तुह्या जागी गजाननभाऊ पुकारतात आता," रंगराव म्हणे. "पण तू म्हणतो तं... अरे पण कसं बे?"

आवाजाचं यायनं आधीच ठरवून ठेवलं होतं. रंगरावाच्या मोबाइलमधी जुन्या मुहूर्ताचा व्हिडिओ आहे. तो श्रद्धा मॅडमले पाठवाचा, अन् त्या त्यातून तीन बोल कापून मशीनमधी टाकतील. एक वार, दोन वार, तीन वार, यायच्याच गळ्यातले. हे सगळं मॅडमसंगं कवा बोलले, मले माहीत नाही! घरातली बायको म्हणजे नुसती चहा करणारी.

२२ सप्टेंबर

दिवसभर एक वार, दोन वार. वायर जोडली की तेच. आवाज पहिल्यांदा निघाला तवा मी मोरीत भांडे घासत होती. हातातलं भगोनं सुटलं. तशीच ओल्या हातानं आत धावली. यायचाच आवाज, तसाच खर्जातला, वरच्या टोकाले जरा फाटणारा. मी रडली, कायले खोटं लिहू.

पण ते पहिल्या दिवशी. आता आठ दिवस तेच ऐकून राह्यली. मले दुसरं काही बोलत नाहीत. समताचा अकोल्याहून फोन आला, म्हटलं पोरीसंगं दोन शब्द बोला, तं डोळे मिटले. कंपनीच्या वहीत रोज म्हणाचे वाक्य आहेत, ते सोडून दिले. काल तिन्ही बोल बरोबर वेळेवर निवडता आले नाहीत म्हणून डोळ्यांतून पाणी काढलं. आरे, माणूस आहे की हट्टी बैल! मशीन बरं नाही तं दुरुस्त होऊ द्या, मंग करा पुढच्या वर्षी.

मी कंपनीले रोज फोन लावून राह्यली. नवं सॉफ्टवेअर टाका, नवी चकती टाका, काय पाहिजे ते करा. तिकडची पोरगी म्हणते तुमची तक्रार नोंदवली आहे, मॅडम.

५ ऑक्टोबर

श्रद्धा मॅडमचा फोन. त्यायले फेट्याचं समजलं. म्हणे डोक्यावर काही बांधू नका, खुंटीभोवतीची कातडी उघडी अन् कोरडी राह्यली पाहिजे, घाम अन् धूळ आत गेली तं पिकेल.

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही हे कोणत्या गावासाठी बनवलं? इथं दसऱ्याले ऊन असते, धूळ असते, अन् फेटा असते. माणसाच्या डोक्यात बसवाची वस्तू, अन् डोक्यावर काय काय बसते ते कोणी विचारलंच नाही?"

त्या म्हणे, "तुमचं बरोबर आहे. तरी बांधू नका."

मी फोन ठेवला अन् यायले सरळ विचारलं. फेटा बांधाचा का नाही? डोळे वर. म्हटलं मॅडम नाही म्हणतात, पिकेल म्हणतात. डोळे वर. पुन्हा विचारलं, तं इतके वर केले की नुसतं पांढरं दिसलं. बरं बाप्पा! ज्याचं डोकं त्याची मर्जी. मी खुंटीवर स्वच्छ कापसाची घडी ठेवीन, मंग काय होते.

१२ ऑक्टोबर, दसरा

रात्र लय झाली, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

चारचाकी खुर्ची टेम्पोत चढवून नेली. बाजाराच्या आवारात पाय ठेवाले जागा नव्हती. मोताळ्याकडचे लोक आले, वडनेरचे आले. पहिली गाडी वडनेरच्या तुळशीरामची होती, बैलायच्या शिंगाले झेंडू. रंगरावानं स्वतः फेटा बांधला, गुलाबी. मी वरून सांगत होती, मागून सैल ठेवा, सैल ठेवा. पण सैल फेटा राहते का? वायर फेट्याच्या खालून काढली. पूजा झाली अन् कोण्या दिवट्यानं गुलाल उधळला! मी त्याच्यावर अशी ओरडली की भटजी मंत्र विसरले.

मंग बोली सुरू झाली. व्यापारी भाव वाढवत गेले, गलका वाढत गेला. अन् एका जागी सगळे थांबले. हे पडद्याकडे पाहत होते, कपाळावरून फेट्याचा रंग ओघळत होता. काहीच झालं नाही. कोणी तरी मागून म्हटलं, राहू द्या हो, होऊन गेलं. मले वाटलं तिथंच त्याच्या तोंडात माती कोंबावी.

तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला. "एक वार!"

आवारातले सगळे माणसं भोंग्याकडे वळले. तुळशीरामनं गाडीचा दांडा धरून ठेवला. एका व्यापाऱ्यानं भाव वाढवला, पुन्हा थांबले. "एक वार!" जरा वेळ. "दोन वार!" मंग लय, लय वेळ गेला. यायच्या मानेची शीर फुगली होती. बैलसुद्धा शेपूट हालवत नव्हते असं मले वाटलं.

"तीन वार!"

पुढं काय झालं मले दिसलं नाही, डोळ्यांत पाणी होतं. रंगराव लहान लेकरासारखे रडत होते. ऊन उतरेपर्यंत लोकायनं यायले जागचं हलू दिलं नाही. प्रत्येकाले पाया पडाचं होतं, फोटो पाहिजे होता. फेटा घरी येऊन काढला. खाली ठेवलेली कापसाची घडी ओली अन् गुलाबी झाली होती.

हे झोपेपर्यंत छताकडे पाहत होते. असा चेहरा मी समता झाली तवा पाहिला होता.

१७ ऑक्टोबर

खुंटीभोवती सुजलं. पिवळं पाणी येऊन राह्यलं, अंगात ताप आहे. फोटो पाठवला, पुण्याहून फोन आला की ताबडतोब घेऊन या. ॲम्ब्युलन्सची व्यवस्था कंपनीनं केली, एवढं केलं.

२० ऑक्टोबर, पुणे

मोठ्या डॉक्टरायनं मले बसवून सांगितलं. सगळं काढावं लागेल, खुंटी, तार, चकती. पिकलेलं तारेच्या वाटेनं आत मेंदूत उतरलं तं जिवाले धोका. मी म्हटलं ठीक आहे, काढा, धुवा, बरं झालं की नवी बसवा. तं म्हणे नवी बसणार नाही. प्रयोगाची मुदत संपत आली, कंपनीनं पुढं मंजुरी घेतली नाही. अन् तशीही सुयायची ऐकू येण्याची ताकद संपल्यात जमा आहे.

कंपनीचा एक साहेब होता, त्यानं कागद पुढं केला. त्यात लिहिलं होतं, काळजीवाहू व्यक्तीकडून नियमभंग. काळजीवाहू व्यक्ती म्हणजे मी!

मी बोलली मंग. म्हटलं, साहेब, दीड महिन्याआधी तुमच्या सुया बहिऱ्या झाल्या, तवा दोष यायच्या मेंदूचा. आता पिकलं, तं दोष माह्या फेट्याचा. तुमचा कोणता भाग आहे यात? फोटोतला? एका मुक्या माणसाले बोलाची सवय लावली, अन् आता तोंडातली जीभ काढून न्याले आले! बाहेरचे नर्स-वॉर्डबॉय दरवाज्याशी जमा झाले होते. होऊ द्या जमा.

डॉक्टर शांत माणूस. म्हणे, बाई, काढण्याची परवानगी त्यांची स्वतःची लागते. उद्या वायर जोडून त्यांनाच विचारू. मी म्हटलं विचारा! संध्याकाळी यायच्या कानाशी बसून सांगितलं, नाही म्हणा. औषधानं पिकणं बरं होते का ते आधी पाहू म्हणा. आपण कोर्टात जाऊ, पेपरात देऊ. मी या कंपनीले सोडत नाही. यायनं डोळे वर केले नाहीत, मिटले पण नाहीत. ताप होता.

२१ ऑक्टोबर, पुणे

जसं झालं तसं लिहिते.

खुंटी साफ करून वायर जोडली. डॉक्टर, श्रद्धा मॅडम अन् मी, एवढेच. विचारलं, काढायचं का? पडद्यावर अक्षर यायचं अन् पुसलं जायचं. शेवटी दोन अक्षरं ठरली. "काढा."

मी श्रद्धा मॅडमवर धावली. "तुम्ही भरवलं यायच्या मनात! मले बाहेर काढून एकटं बोलत होत्या ना त्या दिवशी?"

त्या उभ्या राह्यल्या. म्हणे, "हो, त्या दिवशीच सांगितलं. सुया दिवाळीपर्यंत टिकल्या तर टिकल्या, पुढे काही ऐकू येणार नाही, आणि कंपनी दुसऱ्या बसवणार नाही. रुग्णाला आधी सांगायचं असतं. तुम्हाला सांगू का विचारलं, तर त्यांनी डोळे मिटले."

"अन् फेटा?"

"फेट्याचं त्यांना मी पुण्याहून मशीनवरच फोन जोडून वेगळं सांगितलं होतं. पिकलं तर लवकर काढावं लागेल, जीवही जाऊ शकतो. सगळं ऐकून त्यांनी बांधायचं ठरवलं."

महिनाभर मी फोन करून करून घसा फोडला. कोणासाठी भांडत होती मी? यायले माहीत होतं! मी यायच्याकडे वळली. डॉक्टरांसमोर, काही लाज ठेवली नाही. "मले काऊन नाही सांगितलं?"

अक्षरं येऊ लागली. एक चुके, दुसरं येई. मशीन पुढचं वाक्य सुचवत होतं ते हे प्रत्येक वेळी नाकारत होते. डॉक्टर दोनदा म्हणाले राहू द्या, थकवा येईल. यायनं सोडलं नाही. शेवटी पडद्यावर आलं:

"तू भांडली असती. महिना त्यातच गेला असता."

मशीनवर यायनं लिहिलेलं हे शेवटचं. नंतर वायर काढली.

९ नोव्हेंबर, नांदुरा

ऑपरेशन नीट झालं, ताप गेला, घरी आलो. डोक्यामागं टाके आहेत, ते वाळून राह्यले. श्रद्धा मॅडमनं नोकरी सोडली म्हणे, अन् तो नियमभंगाचा कागद खोडावा म्हणून जाताजाता कंपनीले लिहून गेल्या. त्यायच्यावरचा राग थोडा कमी झाला. कंपनीवरचा नाही. त्यायनं पेपरात छापून आणलं की प्रयोग यशस्वी. चार वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या डोक्यात घालतील, अन् त्याच्याही मेंदूले नावं ठेवतील. मी तक्रार लिहून राह्यली, समता इंग्रजी करून देईन म्हणते. पाठवल्याशिवाय राहणार नाही.

पण खरा राग यायच्यावर आहे. तीन आठवडे जेवू घातलं, कूस बदलली, अन् एक शब्द बोलली नाही. आज दिवाळीसाठी आलेली समता अकोल्याले परत गेली, घर रिकामं झालं, अन् मले राहवलं नाही. खाटेशी बसली अन् सगळं काढलं.

म्हटलं, एक महिना होता तुमच्याजवळ. शेवटचा महिना. तो तुम्ही बाजाराले दिला! रंगरावाले दिला, तुळशीरामच्या गाडीले दिला. कोण आलं तवापासून पाहाले? मी इथंच होती ना, या घरात, या खाटेशी? माह्यासाठी एक वाक्य काढलं नाही तुम्ही. एक! मेल्यावर सुद्धा माणूस बायकोसाठी काही ठेवून जाते. माह्या वाट्याले काय आलं? 'तू भांडली असती'! हो, भांडलीच असती! भांडाचा हक्क आहे माहा!

हे ऐकत राह्यले, डोळे मिटले नाहीत. माहं संपलं तं नजर टेबलाकडे नेली. तिथं समतानं जाताजाता पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून ठेवली आहेत. मी बोट फिरवाचं अन् हे डोळे वर करतील तिथं थांबाचं. मी अजून त्याले हात लावला नव्हता. रागातच उचलला अन् बोट फिरवाले लागली.

'तु'वर डोळे वर. पुढं 'ह'. मी म्हटलं, तुह्या. पुढं? 'सं'. तुह्यासंगं. 'बो'. बोलाले, हो ना? डोळे वर. 'म', 'शी'. मशीन.

पुढचं अक्षर 'का' होतं. तुह्यासंगं बोलाले मशीन का...

कायले पाहिजे. पुढं मी बोट फिरवलंच नाही, पुठ्ठा मांडीवर पालथा ठेवला. वाह, शहाणे! हे काय उत्तर झालं? सोपं झालं तुमचं, सगळं मीच ओळखाचं! असं मी मोठ्यानं म्हटलं, अन् यायचे डोळे वर गेले.